दुखतंय गुडघ्यात, मोडलंय खुब्यात

नारळी पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाऊस नुसता ओतत होता. सिंधुदुर्गातल्या आमच्या तालुक्याच्या गावी पावसाळ्यात हाडांच्या डॉक्टरची ओपीडी म्हणजे घसरून पडलेल्यांची जत्रा. जांभ्याच्या पायऱ्या, शेवाळलेली अंगणं, विहिरीचे कट्टे. मनगट, घोटा, माकडहाड, पुन्हा मनगट. त्या सकाळी साठेक पेशंट होते आणि तेवढ्यात वीज दोनदा गेली होती.

त्या गर्दीत ७१ वर्षांच्या एक आजी काठी टेकत, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आत आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "डॉक्टरानू, ढोपार दुखता. रातीची झोप नाय."

सुनेच्या पिशवीत गुडघ्याचा फोटो होता. एक्स-रेला आमच्याकडे फोटोच म्हणतात. गावातल्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी काढून घेतलेला. तो मी उजेडाकडे धरला आणि तिथेच माझी चूक सुरू झाली. गुडघ्याची आतली फट बारीक झालेली, कडांना हाडाचे काटे फुटलेले, फटीलगतचं हाड पांढरंफटक. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये सांध्याच्या झिजेची जी प्रतवारी घालून दिली, तिच्यात हा गुडघा तिसऱ्या पायरीवर बसत होता. पेशंट म्हणते गुडघा दुखतो, फोटो म्हणतो गुडघा झिजलाय. अजून काय पाहिजे?

खुर्चीतच गुडघा वाकवून पाहिला. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन गुडघ्यात दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. आणि वर एक वाक्य सांगितलं, जे मी दिवसातून वीस वेळा सांगतो: "आजी, घाबरू नका. चालत राहा, नाहीतर सांधा जाम होईल." सगळं मिळून सातेक मिनिटं लागली असतील.

आजींची ओळख पटेल असे तपशील पुढे गाळलेत. माझ्या चुका गाळलेल्या नाहीत, कारण त्या गाळल्या तर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

अकरा दिवसांनी

गणपतीला तीन दिवस उरले होते तेव्हा आजी परत आल्या. आता काठीवर जास्त भार होता. इंजेक्शनने दोन दिवस बरं वाटलं, मग पहिल्यासारखंच. सून म्हणाली, "डॉक्टर, दुसरं एक इंजेक्शन देऊन टाका, चतुर्थीपुरतं तरी निभेल." मी सिरिंज मागवणारच होतो. तेवढ्यात आजी खुर्चीत बसायला वळल्या आणि मला एक गोष्ट दिसली. गुडघा दुखणारा माणूस बसताना गुडघा सांभाळतो, पाय पुढे टाकून हळूच टेकतो. आजींनी गुडघा सहज वाकवला. त्या अडखळल्या त्या वर, कमरेत. उजव्या कुल्ह्यावर भार न देता डाव्या बाजूवर कलून बसल्या.

त्यांना टेबलावर आडवं केलं. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं होतं.

गुडघा आधी पाहिला. सूज नाही, पाणी नाही, १२० अंशांपर्यंत बिनतक्रार वाकला. फटीवर अंगठा दाबला तरी आजी माझ्याशी पावसाच्या गोष्टी करत होत्या. मग पाय सरळ ठेवून मांडीवर तळहात ठेवला आणि पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा अख्खा पाय आत-बाहेर लोळवला. यात गुडघा जागचा हलत नाही, फिरतो तो फक्त खुब्यातला गोळा, म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं टोक. आत फिरवताच आजींच्या तोंडून "आयो!" निघालं आणि हात गेला तो पुन्हा गुडघ्याकडेच. जांघेत मधोमध बोट दाबलं तेव्हाही चेहरा आखडला. पाय सरळ उचलायला सांगितलं आणि वरून हलकासा दाब दिला, तर पाय उचलेनाच.

मग एक जुनी युक्ती केली, जी हल्ली शिकाऊ डॉक्टर करून पाहत नाहीत. स्टेथोस्कोप ओटीपोटाच्या खाली, जिथे कमरेची दोन्ही हाडं समोर जुळतात तिथे ठेवायचा आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांवर आळीपाळीने बोटाने टकटक करायची. अखंड हाडातून आवाज स्वच्छ वर येतो, मध्ये कुठे भेग असेल तर दबतो. आमच्याकडे फणस वाजवून बघतात तसंच. डाव्या बाजूचा आवाज टणटणीत आला. उजव्या बाजूचा बद्द. हाड मोडून आत रुतून बसलं असेल तर ही युक्ती दर वेळी साथ देत नाही, त्या दिवशी दिली.

"आजी, तुम्ही पडला होता का?"

"पडलंय खय? नुसती घसरलंय. परड्यात. बसलंय जाग्यार."

पुढचं सुनेने सांगितलं. पावसाळ्यात अंगणात चालायच्या वाटेवर माडाची चुडतं अंथरलेली असतात, पाय सरकू नये म्हणून. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आजी ती वाट सोडून परड्यात अळू कापायला गेल्या आणि उजव्या कुल्ह्यावर बसल्या. स्वतःच उठल्या, अळू घेऊनच घरात आल्या, संध्याकाळी फतफतंही केलं. 'पडणं' म्हणजे ओरडाओरड, चार माणसांनी उचलून आणणं. हे त्यांच्या हिशेबात पडणं नव्हतंच, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आणि गुडघ्याचा फोटो हातात असल्यामुळे मी विचारलं नाही.

आता कमरेचा फोटो काढला. मांडीच्या हाडाच्या मानेला, गोळ्याच्या अगदी खाली, एक तिरकी पांढुरकी रेघ आणि गोळा किंचित बाहेरच्या बाजूला झुकलेला. पंधरा दिवस झाले होते म्हणून रेघ दिसली. ताज्या फोटोत काही वेळा ती दिसतच नाही. फोटो स्वच्छ पण खुबा दुखतोय, अशी अडचण असेल तर एमआरआय करावा, तोही मिळत नसेल तर सीटी स्कॅन. फोटो नॉर्मल आला म्हणून वयस्कर माणसाला घरी चालवत पाठवू नये.

दुखणं खाली का उतरतं

लंडनचे सर्जन जॉन हिल्टन यांनी १९व्या शतकात एक साधा नियम मांडला होता: सांध्याला हलवणारे स्नायू ज्या नसेवर चालतात, तिच्याच फांद्या त्या सांध्यालाही जातात. जांघेतून उतरणारी ऑब्ट्युरेटर नस खुब्यालाही फांदी देते आणि गुडघ्यालाही. मांडीच्या पुढची फिमोरल नसही तेच करते. मेंदूला निरोप मिळतो तो नसेचा, पत्ता मात्र तो अंदाजाने लावतो. खुबा खोल, मांसात गाडलेला, रोज हाताला न लागणारा. गुडघा समोरच. मग मेंदू गुडघ्याचं नाव सांगून मोकळा होतो.

हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. बारा-तेरा वर्षांचा, अंगाने जरा भरलेला मुलगा लंगडत येतो आणि गुडघा दाखवतो, तेव्हा खुब्यातल्या गोळ्याचं वाढीचं टोक घसरलेलं असू शकतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांत पर्थेस नावाचा आजार हाच खेळ करतो. चाळिशीत, विशेषतः स्टेरॉइड किंवा दारूच्या पेशंटमध्ये, गोळ्याचा रक्तपुरवठा आटून तो सुकतो. आणि आपल्या देशात खुब्याचा क्षय विसरून चालत नाही. या सगळ्यांची पहिली तक्रार गुडघ्याची असू शकते.

दुसरा घोळ फोटोचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या गुडघ्याचा फोटो काढा आणि त्यात झीज नाही असं दाखवा. आमच्या भागात तर आयुष्य उकिडवं बसण्यात जातं: लावणी, विळीवर मासे साफ करणं, चुलीसमोरचा पाट. झीज खरी असते. पण झिजलेले कितीतरी गुडघे अजिबात दुखत नाहीत आणि फोटोत कोरे दिसणारे काही रात्रभर जागवतात. आजींचा फोटो खोटा नव्हता. त्याने जे सांगितलं ते खरं होतं आणि आजींच्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी त्याला साक्षीदार न मानता थेट आरोपी ठरवून टाकलं.

गावातल्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे आलेल्या माणसाने गुडघा दाखवला, त्यांनी गुडघ्याचा फोटो काढायला लावला. हाडांचा डॉक्टर मी होतो.

मोडलं तर चालेल कसं?

"मोडला असता तर चलली असतंय काय?" हा आजींचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता. कोकणात काय, कुठेही लोकांचा हाच हिशेब असतो: चालता येतंय म्हणजे मोडलं नाही.

कोयत्याची मूठ सैल झाली की ती ठोकून परत घट्ट बसवतात. आतून लाकूड चिरलेलं असतं, पण बसलंय तोवर कोयता चालतो. आजींच्या हाडाचं असंच झालं होतं. मान मोडून वरच्या गोळ्यात रुतून बसली होती आणि त्या रुतण्याच्या जोरावर त्या पंधरा दिवस चालत होत्या. सर्जन गार्डन यांनी १९६१ मध्ये मानेच्या मोडीचे चार प्रकार केले. पहिले दोन न सरकलेले, पुढचे दोन सरकलेले. आजी पहिल्या प्रकारात होत्या, म्हणजे सर्वांत नशीबवान.

नशीबवान अशासाठी, की गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य नळ्या मानेच्या पाठीवरून, पातळ पडद्यातून वर चढतात. हाड सरकलं नाही तर त्या बहुतेक शाबूत राहतात. सरकलं की त्या ताणतात, तुटतात, आणि देठ चिरडलेल्या भोपळ्यासारखा गोळा वेलीवरच सुकतो. न सरकलेल्या मोडीवर इलाज सोपा: मांडीच्या बाजूला छोट्या छेदातून तीन पोकळ स्क्रू, ६.५ मिलिमीटर जाडीचे, आणि गोळा जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता येतं. नुसती विश्रांती देऊनही यातली काही हाडं जुळतात, पण काही ऐन वेळी सरकतात. कोणाचं सरकेल हे आधी सांगता येत नाही.

मी म्हटलं, "आजी, आजच अ‍ॅडमिट व्हा."

खोलीत शांतता. मग सुनेने सांगितलं की घरी १४ माणसं यायची आहेत. मुंबईहून दीर, नणंदा, पोरं, काही रात्रीच्या कोकण रेल्वेने, काही एसटीने. पाच दिवसांचा गणपती, गौरी, आणि धाकट्या सुनेचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या सुनेने गौरीसमोर सुपं भरायची पूजा. मुलाला फोन लावला. तो मुंबईहून समंजसपणे म्हणाला, "डॉक्टर, गौरी-गणपती झाले की दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन येतो."

मी आवाज चढवला. सरकलं तर काय होईल ते चित्र काढून दाखवलं. आजींनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मागच्या टायमाक तुमीच सांगितलास, चलत रवा."

या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा दिवसांपूर्वी ज्या माणसाने चाला म्हणून सांगितलं, तोच आता पाय टेकू नका म्हणतोय. तेव्हा त्याला फोटोत गुडघा दिसला, आज खुबा दिसतोय, उद्या आणखी काही दिसेल. चुकलेल्या निदानाचा हा भाग पाठ्यपुस्तकात नसतो. पहिलं निदान चुकलं की दुसऱ्या, बरोबर निदानाचं वजनही निम्मं होतं. मी तेव्हा स्पष्ट म्हणायला हवं होतं, "त्या दिवशी माझं चुकलं, मी खुबा तपासलाच नाही." ते म्हणालो नाही. "आता नवीन गोष्ट लक्षात आली आहे," असलं काहीतरी गुळमुळीत बोललो.

आणखी एक राहिलं, ते नंतर कॅलेंडर बघताना ध्यानात आलं. तीन स्क्रूंचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी करून चतुर्थीच्या दुपारी, नैवेद्याच्या वेळेला आजींना घरी सोडता आलं असतं. त्या खुर्चीत बसून गणपतीसमोर असत्या. मी नुसतं "अ‍ॅडमिट व्हा" म्हणालो, आणि त्यांनी ते "गणपती चुकवा" असं ऐकलं. सणाच्या तोंडावर पेशंटशी बोलताना मी आता आधी तारखा मोजतो.

शेवटी वॉकर दिला, उजव्या पायावर भार टाकायचा नाही हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, शौचाला उंच खुर्ची वापरायला सांगितली. सुनेने सही केली. आजी वॉकर हातात धरून, म्हणजे उचलून घेऊन, चालत गाडीत बसल्या.

गौरीपूजनाची संध्याकाळ

पडल्याचा बाविसावा दिवस. या वेळी आजी पडल्या नाहीत. सुपं भरताना पाटावर बसल्या होत्या, कोणीतरी हाक मारली म्हणून उठल्या आणि पाय जमिनीवर रोवलेला ठेवूनच मागे वळल्या. "कट् झाला," असं त्यांनी मला सांगितलं, आणि हे सांगताना पहिल्यांदाच हात जांघेवर होता.

रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं. दरवाजातूनच कळलं: उजवं पाऊल बाहेर पडलेलं, पाय दोनेक सेंटिमीटर आखूड. फोटो फक्त नोंदीसाठी काढला. गार्डनचा चौथा प्रकार.

आता तीन स्क्रूंचा विषय संपला होता. एकाहत्तराव्या वर्षी, पूर्ण सरकलेल्या आणि तीन आठवडे जुन्या मोडीत गोळा वाचवायला जाणं म्हणजे वर्षभरात दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवणं. गोळा बदलायचा हे ठरलं. प्रश्न होता अर्धा सांधा (फक्त गोळा) की पूर्ण (गोळा आणि तो ज्यात बसतो ती वाटीही). आजींसारख्या हिंडत्या-फिरत्या पेशंटला पूर्ण सांधा द्यावा असं मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची बाजू कमकुवत नाही. पूर्ण सांध्यात पुढे वाटीच्या कुर्च्याची झीज होऊन दुखण्याचा प्रश्न राहत नाही. पण तो निखळण्याचा धोका जास्त, ऑपरेशन लांब. आणि या बाई आठवडाभरात खाली बसून मासे कापायला लागतील याची मला खात्री होती. वाटी फोटोत चांगली दिसत होती. मी सिमेंट भरून बायपोलर (गोळ्यात गोळा फिरणारा) अर्धा सांधा निवडला. लोक याला "बॉल बदलला" म्हणतात, ते बरोबरच आहे.

घाई मात्र करावी लागते. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसाला मोडकं हाड मारत नाही, अंथरूण मारतं: न्यूमोनिया, पायातली रक्ताची गुठळी, लघवीचा संसर्ग, पाठीच्या जखमा. म्हणून शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन. हिमोग्लोबिन ९.६ होतं, एक बाटली रक्त जमवून ठेवलं. भूलतज्ज्ञांनी पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. तिसऱ्या दिवसाच्या सकाळची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दुपारी टेबलावर घेतलं.

गोळा काढताना त्याच्यात स्क्रूसारखं अवजार फिरवून तो ओढून घेतात. चांगल्या हाडात ते करकरत जातं. आजींच्या गोळ्यात ते शिळ्या पावात सुरी जावी तसं गेलं. बाहेरून कुर्चा गुळगुळीत, शंखासारखा चकचकीत, आत काही नाही. हा गोळा तपासणीला पाठवला, कारण साध्या घसरण्यात मोडलेल्या हाडामागे कधी कधी कॅन्सर लपलेला असतो. रिपोर्टमध्ये तसं काही निघालं नाही. नुसतं पोकळ झालेलं, म्हातारं हाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या. या वेळी वॉकर जमिनीवर टेकलेला होता.

हाड इतकं पोकळ का झालं

उभ्या उंचीवरून, तेही घसरून बसल्यावर खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत, यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून टी-स्कोअर (तरुण हाडाशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची व्याख्या. स्कॅन मिळाला तर पुढच्या तुलनेला उपयोगी, पण तो होत नाही म्हणून इलाज थांबवायचं कारण नाही.

आजींच्या बाबतीत कारण एका प्रश्नात सापडलं. "पिशवी काढली आहे का?" काढली होती, चाळिशीत, अंडाशयांसकट. तेव्हापासून तीस वर्षं हाडं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशिवाय जगली. गर्भाशय काढून टाकणं आपल्याकडे फार सहज होतं आणि हाडांचा विचार त्या वेळी कोणी करत नाही. चाळिशीत पिशवी काढलेली बाई पन्नाशीत कंबरदुखीसाठी माझ्याकडे आली की मी हल्ली वयात दहा वर्षं मिळवूनच विचार करतो.

ड जीवनसत्त्व १४ निघालं, २० च्या खाली म्हणजे कमी. समुद्रकाठच्या उन्हात राहणाऱ्या बाईचं? पण आजी भरउन्हात कधी असतात? दुपारी घरात, बाहेर पडल्या तर डोक्यावरून पदर, आणि वर्षाचे चार महिने आभाळ झाकलेलं. आठवड्याला ६० हजार युनिटची एक मात्रा, आठ आठवडे. खाण्याबद्दल त्यांना मी दुधाचा उपदेश केला नाही, घरात दूध चहापुरतंच येतं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि मोड आणून केलेली आंबील जास्त पचते. आणि सुकी मासळी: सालासकट जवळा, काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे. बांगड्याचा काटा आपण ताटाबाहेर टाकतो, कॅल्शियम त्याच्यात असतं. तरी दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम भरत नसेल तर गोळी.

मग झोलेड्रॉनिक आम्ल, हाडं पोकळ होणं रोखणारं औषध, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत खुबा मोडून ऑपरेशन झालेल्यांना ९० दिवसांच्या आत हे औषध सुरू केलं, तेव्हा नव्याने हाड मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचं २८ टक्क्यांनी घटलं. हाडांच्या बाबतीत इतका ठळक फायदा दाखवणारी औषधं थोडीच. तरी कित्येक पेशंट टाके काढून घरी जातात आणि हा विषय कोणी काढत नाही. हाड जोडलं, बिल झालं, संपलं. देण्याआधी मूत्रपिंडाचं काम बघायचं, ड जीवनसत्त्व भरून घ्यायचं नाहीतर रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, आणि किडका दात असेल तर आधी काढायचा.

सहा आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, ते दिलं. दुसऱ्या रात्री मुलाचा फोन: ताप १०१, अंग मोडून येतंय. भातकापणीचे दिवस, शेजारच्या वाडीत लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) पेशंट, घरचे हादरले होते. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस असा ताप येऊ शकतो हे मी आधी सांगून कागदावर लिहून दिलं होतं. पॅरासिटामॉल दिलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मात्र तापाला लघवी कमी, डोळे लाल अशी जोड असती तर मी "औषधाचाच ताप" म्हणून बसून राहिलो नसतो. एकदा पोळलोय.

घर आणि काठी

काठीचं एक सांगायलाच हवं. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरायची अशी सगळ्यांची समजूत. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. त्याने कुल्ह्याच्या स्नायूंचा ताण कमी होतो, आणि सांध्यावरचा बराचसा भार त्या ताणाचाच असतो. आजींना हे पटायला दोन आठवडे लागले.

उकिडवं बसणं, मांडी घालणं बंद. न्हाणीघरात मुलाने जांभ्याचा कट्टा बांधून घेतला, त्यावर कमोडची खुर्ची. सर्वांत मोठा तंटा आडाळ्याचा, म्हणजे विळीचा झाला. खाली बसून आडाळ्यावर मासे कापल्याशिवाय स्वयंपाक कसला? सुताराने कमरेच्या उंचीची फळी बसवून दिली आणि आडाळा तिच्यावर आवळून टाकला. पहिला आठवडा आजी उभ्या राहून कापताना बोट कापतात की काय अशी सुनेला भीती. आता नातवंडांनी त्याला हात लावलेला त्यांना चालत नाही.

आणि गुडघा? ज्याच्यात मी इंजेक्शन दिलं तो गुडघा तसाच झिजलेला आहे, फोटो काढला तर तीच तिसरी पायरी दिसेल. ऑपरेशननंतर त्याने तक्रार केलेली नाही.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर आजी आल्या. या वेळी डावा गुडघा. मी काही न बोलता त्यांना टेबलावर घेतलं, पाय सरळ केला, मांडीवर हात ठेवून आत-बाहेर लोळवला. आजी मान उचलून बघत होत्या.

"डॉक्टरानू, दुखता ढोपार आणि तुमी बघतास खुबो?"

खुबा अगदी मोकळा फिरला. फणसाची टकटकही करून पाहिली, दोन्हीकडे सारखीच टणटणीत. मग गुडघ्यावर आलो: आत पाणी भरलेलं, फटीवर बोट ठेवताच आजी ओरडल्या. या वेळी खरंच गुडघाच होता.